बासष्ट मीटर खडी आणि एक शॉवल

एप्रिलमधला दुसरा शुक्रवार, सकाळी नाश्त्याच्या वेळी. मंजूर रक्कम साठ ओमानी रियाल. हजर: मी, माझी बायको, माझे वडील, आणि चटणीच्या बरणीला टेकवून ठेवलेल्या फोनमध्ये कॅनडातला माझा धाकटा भाऊ. त्याच्याकडे अजून गुरुवारच होता. विषय एकच: फाटकापासून आमच्या दारापर्यंतच्या खडीच्या वाटेवर साचलेली वाळू काढायची कशाने.

आम्ही मस्कतच्या कडेला, अल हैलमध्ये राहतो. रस्त्याला लागून मालकाचं मोठं घर, आणि त्याच्या मागे, कुंपणाच्या भिंतीला धरून, आमचं भाड्याचं तीन खोल्यांचं बैठं घर. मधली वाट बासष्ट मीटर लांब आणि तीन मीटर वीस सेंटिमीटर रुंद आहे. हे आकडे अंदाजाचे नाहीत, टेप लावून घेतलेले आहेत. धूळ उडू नये म्हणून मालकाने त्या वाटेवर बारीक खडी पसरली आहे. भिंतीपलीकडे, समुद्राच्या बाजूला, एक रिकामा प्लॉट आहे. त्यावर कुणीतरी बांधकामासाठी वाळूचे ढीग आणून टाकले आणि मग बांधकामच विसरला. वारा समुद्राकडून सुटला की त्या ढिगांतली वाळू भिंतीवरून उडून आमच्या खडीवर येते, आणि भिंतीच्या आडोशाला आली की तिथेच बसते.

पहिली तीन वर्षं मला याचा काही त्रास नव्हता. गाडी वाळूवरूनही जाते. त्रास सुरू झाला तो अण्णा आल्यावर.

अण्णा म्हणजे माझे वडील. आयुष्यभर एसटीत ड्रायव्हर होते. आई गेल्यापासून राजापूरजवळच्या घरी एकटेच राहत होते. जानेवारीत त्यांचा उजवा गुडघा बदलला आणि फेब्रुवारीत मी त्यांना इकडे घेऊन आलो. डॉक्टरांनी एकच गोष्ट बजावून सांगितली होती: रोज सकाळ-संध्याकाळ सपाट जमिनीवर अर्धा अर्धा तास चालायचं, नाहीतर गुडघा आखडेल आणि मग ऑपरेशनचा काही उपयोग नाही. घरात चालायला जागा नाही. बाहेरच्या रस्त्याला फुटपाथ नाही आणि गाड्या अशा येतात की धडधाकट माणूसही भिंतीला चिकटतो. मी साडेसहाला अल् खुवैरच्या ऑफिसला निघतो, बायको त्याच सुमाराला शाळेत शिकवायला जाते. राहिली ती ही वाट. पहिले काही आठवडे खडी गाडीच्या चाकांनी दबून घट्ट झालेली होती आणि अण्णांचा वॉकर तिच्यावरून खडखडत का होईना, जात होता. त्या वॉकरला पुढे दोन छोटी चाकं आहेत. मार्चमध्ये वारे सुटले, वाळू आली, आणि ती चाकं रुतायला लागली. एकदा अण्णा सावरले. दुसऱ्यांदा पडले. गुडघा वाचला, मनगट मुरगळलं.

त्या दिवसापासून त्यांनी चालणं बंद केलं. दिवसभर सोफ्यावर बसून टीव्ही. पंधरा दिवसांत गुडघा पहिल्यापेक्षा कमी वाकायला लागला. आणि मग एका संध्याकाळी, आवाज अजिबात न चढवता, ते म्हणाले, "महिनाअखेरचं तिकीट काढ माझं. इथे बसून सडण्यापेक्षा तिकडे आपल्या ओटीवर बसेन."

तिकडे काय आहे ते मला माहीत होतं. घर डोंगराच्या अंगाला, रस्त्यापासून चाळीस पायऱ्या वर. आखडलेला गुडघा घेऊन ते एकदा वर चढले असते ते परत खाली आलेच नसते. सोबत कुणी नाही. म्हणजे ही वाट महिनाअखेरीच्या आत मोकळी झाली तर अण्णा राहणार, नाही झाली तर जाणार, असा सरळ हिशोब होता. शुक्रवारची बैठक म्हणूनच होती.

भाऊ फोनमधून म्हणाला, "दादा, तू उगाच डोकं लावतोयस. माझा ड्राइव्हवे तुझ्या दुप्पट आहे. स्नो ब्लोअर घे. मागे चालत राहायचं, तो बर्फ उचलतो आणि बाजूला फेकतो. वीस मिनिटं."

"इथे बर्फ नाही, वाळू आहे."

"तेच ना. वाळू तर कोरडी असते. आणखी सोपं."

"आणि खाली खडी आहे."

यावर तो म्हणाला, खडीवर वापरायचा असेल तर यंत्राचं तोंड इंचभर वर उचलून धरायचं, म्हणजे खालचा इंचभर बर्फ राहतो, पण खडी यंत्रात जात नाही. माझ्याकडे सगळी वाळूच मुळात इंचभर किंवा थोडी जास्त होती. म्हणजे हजार डॉलरचं यंत्र वाळूला हात न लावता हवेतून फिरवायचं. हे मी त्याला सांगितलं.

अण्णा पोहे खात होते. म्हणाले, "त्याचा बर्फ उन्हाळ्यात आपोआप जातो. तुझी वाळू उन्हाळ्यात येते. तुम्ही दोघांनी जागा बदला, म्हणजे माझी सुटका होईल."

बायको म्हणाली, "अहो, दोन माणसं बोलवा. एका दिवसात काढतील."

"आणि पुढच्या आठवड्यात वारा आला की?"

"पुन्हा बोलवा."

"जूनपर्यंत दर आठवड्याला?"

"मग तुम्ही काढा," ती म्हणाली आणि चहा टाकायला उठली.

इथे मी जे केलं ते माझ्या स्वभावाला धरून होतं. कागद घेतला. लांबी गुणिले रुंदी गुणिले सरासरी तीन सेंटिमीटर थर. थराची जाडी मी बारा ठिकाणी पट्टी खुपसून घेतली होती. उत्तर आलं जवळजवळ सहा घनमीटर. वजनात साडेनऊ टन. मी तो आकडा मोठ्याने वाचला. बैठकीत कुणालाच त्याचं काही वाटलं नाही.

त्याच संध्याकाळी मी पानं उडवायचा ब्लोअर विकत आणला. चौतीस रियाल. दुकानदाराने शपथेवर सांगितलं की वाळू उडते. उडतेच. प्रश्न असा आहे की उडून कुठे जाते. शनिवारी सकाळी मी फाटकापासून सुरुवात केली. दहा मीटर गेल्यावर मागे बघितलं तर खडी दिसायला लागली होती, आणि मी खूश झालो. मग वारा फिरला. बायकोने पत्र्यावर सांडगी मिरच्या वाळत घातल्या होत्या. मालकाची पांढरी गाडी आदल्या दिवशीच धुतलेली होती. आमच्या बैठकीच्या खोलीची खिडकी अण्णांनी हवेसाठी उघडली होती.

आतून अण्णांचा आवाज आला, "अरे, बाहेरची संपली का? आत यायला लागलीय."

बायको मिरच्यांचं ताट घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. एक मिरची उचलून माझ्या हातावर ठेवली. मी ती झटकली, फुंकली, पुन्हा झटकली. ताकातली मिरची, ओलसरच होती. वाळू तिला अशी चिकटली होती की मुद्दाम घोळवल्यासारखी.

"तळू?" तिने विचारलं.

ब्लोअर त्या दिवशी खोक्यात गेला तो अजून खोक्यात आहे. उघडलेला माल परत घेत नाहीत.

पुढचा आठवडाभर मी ऑफिसातून येऊन पर्याय शोधत होतो. फिरत्या ब्रशचं यंत्र मिळतं, पण त्याची सुरुवातच चारशेच्या पुढे, आणि त्याचा ब्रश वाळूबरोबर बारीक खडीही झाडून नेतो असं वापरणाऱ्यांनीच लिहिलेलं. बागेचा दाताळ्यासारखा पंजा आणला, साडेतीन रियाल. त्याच्या दातांतून वाळू खाली पडते आणि खडी ओढली जाते, म्हणजे जे पाहिजे त्याच्या बरोबर उलटं. साध्या झाडूने वरची वाळू सरकते, पण पुढे ढीग होतो आणि तो ढीग उचलायला काहीतरी लागतंच. प्रत्येक गोष्ट अर्धं काम करत होती आणि उरलेलं अर्धं बिघडवत होती. या काळात दोनदा वारा आला. मी पुन्हा पट्टी लावली. थर चार सेंटिमीटरच्या वर गेला होता.

अण्णा रोज रात्री जेवताना एकच विचारायचे, "तिकीट काढलंस?"

"बघतोय."

"बघतोस काय? तिकीट काय वाळू आहे, बघत बसायला?"

शेवटी चिडून मी खरंच तिकीट काढलं. तीस एप्रिलचं, मस्कत ते गोवा. काढलं आणि त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि भात कालवत राहिले. मला वाटलं होतं त्यांना बरं वाटेल.

त्यानंतर मी पुन्हा भावाला फोन केला, कारण मला एक साधी गोष्ट विचारायची होती. यंत्र नसतं तेव्हा तिकडचे लोक काय करतात? तो म्हणाला, शॉवल वापरतात. रुंद तोंडाचं, अ‍ॅल्युमिनियमचं, हलकं. त्याच्या गॅरेजमध्ये एक आहे, पंचेचाळीस डॉलरचं. ते जमिनीशी आडवं धरून पुढे ढकलत न्यायचं. खडीवर जरा वर धरायचं, हाताला अंदाज येतो. हे मला पटलं. पंचेचाळीस कॅनेडियन डॉलर म्हणजे बारा-तेरा रियाल. रोज संध्याकाळी तासभर ढकललं तर तीस तारखेच्या आत वाट मोकळी होते. मी हिशोब दोनदा तपासला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा एक गोष्ट कामातही आणि उरलेल्या बजेटातही बसत होती.

सीबच्या बाजूला एक बांधकाम साहित्याचं दुकान आहे. दुकानदार रत्नागिरीकडचा, बोलायला मोकळा. त्याच्याकडून मी पूर्वी नळ आणि रंग घेतले होते. शनिवारी संध्याकाळी त्याला फोन केला. हे संभाषण मला शब्दन् शब्द आठवतं, कारण नंतर आम्ही दोघांनी ते एकमेकांना अनेकदा ऐकवलं.

"भाई, एक शॉवल पाहिजे होतं."

"देऊ की. काय काम आहे?"

"घरापुढे वाळू साचलीय. बासष्ट मीटर."

"मोठा पाहिजे की छोटा?"

"मोठं. तोंड जेवढं रुंद मिळेल तेवढं."

"गेट केवढा आहे तुमचा?"

हा प्रश्न मला चमत्कारिक वाटायला हवा होता. पण मला आनंद झाला. इतक्या दिवसांत कुणीतरी पहिल्यांदा मापाचं विचारलं होतं. "तीन मीटर साठ," मी सांगितलं.

"मग येतो आरामात. ड्रायव्हरबरोबर पाठवू ना?"

"हो, ड्रायव्हरबरोबरच पाठवा. मी ऑफिसात असेन. घरी वडील आहेत. भाव काय?"

"पंधरा."

"जरा जास्त वाटतात."

"बाहेर विचारा, अठराच्या खाली कोण देणार नाय. आणि मिनिमम तीन धरा."

"तीन घेऊन मी काय करू? मला एकच पुरे."

तो हसला. "बघू या, भाऊ. एकात झालं तर तुमचं नशीब. उद्या सकाळी नऊला, इन्शाल्ला."

फोन ठेवून मी बायकोला म्हणालो, "पंधरा रियाल. भावाच्यापेक्षा दोनच जास्त, आणि घरपोच."

रविवारी, म्हणजे इथल्या आठवड्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी, सकाळी सव्वानऊला मी ऑफिसात होतो, एका लांबलेल्या बैठकीत. अण्णांचा फोन आला. मी खाली वाकून हळू आवाजात घेतला.

"अरे, तुझं ते शॉवल आलंय."

"हां, घ्या ठेवून."

"ठेवू कुठे?"

"आत घ्या ना, दाराशी."

"आत?" पलीकडे घरघर ऐकू येत होती, मला वाटलं डिलिव्हरीची गाडी असेल. "आत कुठे घेऊ? स्वयंपाकघरात?"

"अण्णा, मी मीटिंगमध्ये आहे. मग बाहेरच असू दे."

"बाहेरच आहे. ड्रायव्हर विचारतोय चालू करू का."

मला वाटलं तो निघायचं विचारतोय. "हो, सांगा त्याला, यल्ला, चल म्हणावं."

"यल्ला काय? बरं, सांगतो." आणि त्यांनी फोन न ठेवता ओरडून सांगितलं, "यल्ला रे! आने दो! सीधा, सीधा, दाया काट!"

'दाया काट' ऐकल्यावर मला प्रथम काहीतरी खटकलं. मी बाहेर येऊन फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. चौथ्यांदा उचलला तेव्हा ते दमलेले होते आणि फार खुशीत होते. "पोरगा चांगला आहे, पण रिव्हर्स घेताना आरशात बघत नाही. पिवळं जबरदस्त मशीन आहे, मेल्या. चाक माझ्या छातीला लागतं. इतक्या दिवसांनी तू एक काम धड केलंस."

अल् खुवैरहून अल हैल एरवी पंचवीस मिनिटं. त्या दिवशी पुलाजवळ गाड्या तुंबल्या होत्या.

शॉवल म्हणजे मी हातातलं हत्यार समजत होतो, पण इथल्या बांधकामावर शॉवल म्हणतात ते लोडरला: चार मोठी चाकं, पुढे खोलीएवढं सूप, वर बसलेला ड्रायव्हर. अरब, मलबारी, पंजाबी, रत्नागिरीकर, सगळे हेच म्हणतात. भाव तासाचा. मिनिमम तीन म्हणजे तीन तास. हे मला फाटकाशी उभा राहून कळलं, कारण ते मशीन तेव्हा शेवटची फेरी मारत होतं. त्याने बासष्ट मीटरांतली सगळी वाळू काढली होती. तिच्याखालची सगळी खडीही काढली होती. दोन्ही एकत्र करून, भिंतीला वळसा घालून, शेजारच्या प्लॉटवर ढीग घातला होता. वाट घासून लख्ख झाली होती. खाली कधीकाळी दाबून घेतलेली टणक जमीन होती, ती मी तीन वर्षांत पहिल्यांदा बघत होतो.

आणि तिच्या मधोमध वॉकर धरून अण्णा उभे होते, डोक्याला टॉवेल गुंडाळून.

मी परत गाडीत जाऊन बसलो आणि दुकानदाराला फोन लावला.

"भाई, हे काय पाठवलंत?"

"शॉवल. तुम्हीच बोल्लात. मोठं तोंड बोल्लात, ड्रायव्हर बोल्लात, गेटचं माप दिलंत."

"मला हाताचं पाहिजे होतं. हाताने ढकलायचं."

तो म्हणाला, "अहो, मग फावडा म्हणायचं ना! आपण दोघं मराठीच बोलत होतो की!"

घरी मी फावडंच म्हणतो. दुकानात गेलो की शॉवल म्हणतो, का ते मला सांगता येणार नाही. हाताच्या फावड्याची किंमत मी त्याला विचारली. अडीच रियाल.

दीड तास काम झालं होतं, तरी पैसे तीन तासांचे. मी भांडलो. अर्धा दोष तुमचा आहे म्हणालो, तो म्हणाला अर्धा तास मी सोडतो. मग ड्रायव्हरने सांगितलं की येण्या-जाण्याचा एक तास वेगळा धरतात, आणि मी भांडण थांबवलं.

दुपारी चारच्या सुमारास मालक आला. माझ्याच वयाचा माणूस, हिंदी बरं बोलतो, आणि एरवी भेटला की आधी अण्णांची चौकशी करतो. त्या दिवशी फाटकातच थांबला.

"हमारा कंकर किधर है?"

मी भिंतीपलीकडे बोट दाखवलं.

"उधर क्यों गया?"

मी शब्दाचा घोटाळा समजावून सांगायला सुरुवात केली. शॉवल, फावडा, भाई, कॅनडा. त्याने ते सगळं शांतपणे ऐकलं. "फोन पे शॉवल बोला?"

"हां."

"तो शॉवल आया," तो म्हणाला. त्याच्या दृष्टीने तिथे घोटाळा काहीच नव्हता. "अभी कंकर वापस डालो. बारिश में इधर कीचड़ होता है. खलास."

नवी खडी म्हणजे एक ट्रक, पंच्याऐंशी रियाल, पसरण्याचे वेगळे. साठ रियालचं बजेट केव्हाच गेलं होतं. पण मला पैशांपेक्षा दुसरंच दिसत होतं. खडी पुन्हा पडली की तिच्यावर वाळू येणार, वॉकर रुतणार, आणि तीस तारीख नऊ दिवसांवर होती. मालकाचं म्हणणं रास्त होतं. खडी त्याची, वाट त्याची. मी त्याला काय म्हणणार?

हे बोलणं चालू असताना अण्णा माझ्या मागून येत होते. मी बघितलं नव्हतं. मालकाने बघितलं. टणक जमिनीवर वॉकरची चाकं सरळ धावत होती. अण्णा फाटकापर्यंत आले, वळले आणि कुणाशी काही न बोलता परत निघाले. त्यांचा चेहरा मी ओळखतो. घाटात बस नीट वळणावर बसली की हा चेहरा व्हायचा, लहानपणी मी त्यांच्या मागच्या सीटवर बसून आरशातून बघायचो.

मालकाने त्यांना हाक मारली. "बाबा! चलता है?"

"चलता है," अण्णा न थांबता म्हणाले. "इतने दिन तुम्हारे पत्थर ने रोका था."

"अण्णा!" मी म्हणालो.

"खोटं सांगू काय? त्याच्या दगडांत माझी चाकं अडकतात. त्याला कळू दे."

मालक हसला. मग त्याने मला एकदम निराळा प्रश्न विचारला, तारीख त्याला अण्णांनीच सांगितली असणार: "बाबा जा रहा है ना, तीस को?"

"टिकट निकाला है."

"क्यों?"

यावर मी वाटेकडे हात केला. तो चपलेने जमीन दाबून बघत म्हणाला की खडी पडणारच, पावसाचं पाणी आहे, त्याला इलाज नाही. पण भिंतीकडून एक मीटर सोडून. त्या मीटरात मी माझ्या खर्चाने इंटरलॉक बसवायचं, म्हणजे इथे सगळीकडे दिसतात त्या एकमेकांत अडकणाऱ्या सिमेंटच्या विटा. उरलेल्या रुंदीची खडी तो टाकेल. मी विचारलं, ट्रकचे पैसे कोण देणार? तो म्हणाला, "मैं. लेकिन अगली बार शॉवल मत मंगाना."

बासष्ट चौरस मीटर, मीटरला चार रियाल, दोनशे अठ्ठेचाळीस. साठ रियालांत वाळू काढायला निघालेला मी त्या रात्री हा आकडा बायकोला सांगताना मुद्दाम हळू बोललो. ती म्हणाली, "माणसं बोलवली असती तर वीसात झालं असतं." मी म्हणालो, एकदाच झालं असतं. ती म्हणाली, हो, एकदाच.

काम पाच दिवस चाललं. दोन वेळा विटा कमी पडल्या, एकदा विटांचा रंग वेगळा आला, एकदा सिमेंट आणणारा फाटकाशी येऊन घर सापडत नाही म्हणून परत गेला. अण्णा खुर्ची टाकून सगळं बघत होते आणि प्रत्येकाला सूचना देत होते. सत्तावीस तारखेला पट्टा पूर्ण झाला. त्याच दिवशी वारा सुटला. संध्याकाळी पट्ट्यावर बोटभर वाळू होती आणि मी हताश होऊन दारात उभा राहिलो. बायकोने साधा झाडू घेतला आणि विटांवरून ती खडीकडे लोटून दिली. सपाट जमिनीवरून वाळू सहज जाते. तिच्या मागून अण्णा निघाले, वाकून न बघता.

खडीवरची वाळू काढायला कोणतं हत्यार योग्य, हे मला आजही माहीत नाही. खडीवर आता पुन्हा चार सेंटिमीटर आहे. तिच्यावरून गाडी जाते.

अठ्ठावीस तारखेला जेवताना मी विचारलं, "अण्णा, परवाच्या तिकिटाचं काय करायचं?"

"कसलं तिकीट?"

"तुमचं. गोव्याचं."

"गुडघा अजून पुरता वाकत नाही. असा कसा जाऊ, त्या चाळीस पायऱ्या चढून?" ते म्हणाले. आणि मग बायकोला, "सूनबाई, उद्या मला सहाला उठवा. ऊन चढायच्या आत चार फेऱ्या होतात."

एकूण दिलं ते असं. ब्लोअरच्या दुकानाला चौतीस रियाल, पंज्याचे साडेतीन. रत्नागिरीकर भाईला लोडरचे पंचेचाळीस. अर्धा तास सोडतो म्हणाला होता, ते पैसे त्याने सोडले नाहीत. इंटरलॉक बसवणाऱ्या ठेकेदाराला दोनशे अठ्ठेचाळीसऐवजी घासाघीस करून दोनशे पंचेचाळीस. आणि विमान कंपनीला, तीस एप्रिलची तारीख बदलून ऑक्टोबरची करण्याबद्दल, अठरा रियाल.